नानांची कॅलरीची वही

आमच्या चाळीचा जिना लाकडी आहे. प्रत्येक मजल्याला बावीस पायऱ्या आणि मधोमध एक अवघड वळण. त्या वळणावरून कपाट न्यायचे तर आधी त्याची दारे काढावी लागतात. पण गेल्या चाळीस वर्षांत या जिन्यावरून जी जी माणसे शेवटची उतरली, ती तिरडीवर सरळ निजून उतरली, कुठेही न कलंडता. त्याचे श्रेय पहिल्या मजल्यावरच्या जयवंत घाडीगावकरांना, म्हणजे आमच्या नानांना.

डिलाईल रोडच्या पुष्कळ चाळींत माणसाला चादरीत घालून किंवा खुर्चीत बसवून खाली आणतात आणि तिरडी अंगणात बांधतात. नानांना ते पटत नसे. निजलेल्या माणसाला उतार लागता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ते तिरडी वरच, गॅलरीत बांधत. जिना उतरताना वरच्या दोघांनी बांबू गुडघ्यापाशी धरून वाकत यायचे, आणि खालच्या दोघांनी तेच बांबू दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरायचे. मग तिरडी सपाट राहते. भार मात्र जवळजवळ सगळा खालच्या दोघांवर येतो. खालची डावी बाजू नानांची आणि उजवी तिसऱ्या मजल्यावरच्या गौतम तांब्यांची, हे चाळीत ठरलेलेच होते. उतरता उतरता नाना जिना बोलत. "पायरी. पायरी. आता वळण. वरच्यांनी थांबा. पायरी." आवाज मोठा नसे, पण त्यावर चौघांची पावले एकसारखी पडत.

गौतमभाऊंचा जन्म धर्मांतराच्या पुढच्या वर्षीचा. घरात त्या वर्षी जन्मलेला पहिला मुलगा म्हणून गौतम. नाना त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे. दोघे एकाच गिरणीत होते, नाना कापड विणणाऱ्या खात्यात आणि गौतमभाऊ सूत कातणाऱ्या. संपानंतर नाना फोर्टमधल्या एका कचेरीत शिपाई झाले, आणि गौतमभाऊ महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले. पहाटे लोखंडी दांडा घेऊन रस्त्यातल्या झाकणाखालची चावी फिरवायची, की मग आमच्या नळांना पाणी. आमच्या चाळीत कोकणातली हिंदू घरे आहेत आणि बौद्ध घरेही आहेत. कुणाकडे मडके कोणी धरायचे आणि कुणाकडे पांढरे वस्त्र अंथरून आधी त्रिसरण-पंचशील व्हायचे, हे दोघांनाही तोंडपाठ. अशाच एका दिवशी, अंगणातल्या नळावर हातपाय धुताना, त्यांनी आपसात ठरवून टाकले होते. जो मागे राहील त्याने खालची बाजू धरायची. दुसऱ्या बाजूला कोण, असे नानांनी विचारले, तेव्हा गौतमभाऊ म्हणाले, ते मागे राहील त्याने बघावे.

गेल्या दिवाळीत नानांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर नेले म्हणून वाचले. पण हृदयाची ताकद पहिल्यासारखी राहिली नव्हती. ताकद जपून वापरा, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढची देखरेख त्यांच्या नातीकडे, मनवाकडे आली. मनवा फिजिओथेरपिस्ट आहे. परळच्या एका रुग्णालयात हृदयाच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेण्याचे काम करते. आईवडील डोंबिवलीला, म्हणून ती आजोबांपाशी राहते. मी शिकवत होते त्या शाळेत ती सातवीपर्यंत होती. गणितात रीत पूर्ण मांडायची, एकही पायरी गाळायची नाही, अशी मुलगी.

तिने नानांसाठी एक लांब वही आखली. चार रकाने केले. काम, किती मिनिटे, आकडा, कॅलरी. आकड्याची गोष्ट तिने मलाही समजावली. शांत बसलेल्या माणसाचे शरीर दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी जाळते. नानांचे वजन साठ किलो, म्हणजे तासाला साठ. बसण्याचा आकडा एक. हळू चालण्याचा तीन, म्हणजे त्याच्या तिप्पट. सावकाश जिना चढण्याचा चार. बसून अंघोळ दीड. अशी प्रत्येक कामाची यादी तिच्याकडे होती. हा सगळा अंदाज असतो, असे ती आवर्जून सांगे. तीच पायरी, तोच वेग, पण दोन माणसांचा खर्च एक नसतो. तरी त्यावरून आजाऱ्याने काय करावे आणि कुठे थांबावे हे ठरवता येते. नानांची मर्यादा पाच. पाचच्या वरचे काम करायचे नाही.

नानांना वही आवडली. शिपायाच्या नोकरीत त्यांनी तीस वर्षे आवक-जावक लिहिली होती, त्याच वळणदार अक्षरात ते रोजचे लिहू लागले. अंघोळ. चहा करणे. देवपूजा. अंगणात फेऱ्या. आणि रोज संध्याकाळी तीन ओळी: गौतम, वर जाणे. गौतम, बसणे. गौतम, खाली येणे. यादीत नसलेली कामे ते मुद्दाम शोधून काढत. नारळ खवण्याचा आकडा किती, घड्याळाला चावी देण्याचा किती. मनवा हसून काहीतरी जवळचा आकडा देई. एक दिवस त्यांनी तसेच, पण जरा हळू, विचारले.

"खांदो देऊचो झालो तर किती?"

मनवा हसली नाही. तिने वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिले. जिना उतरण्याचे साडेतीन. पण डोक्यावर हात नेऊन वजन पेलत उतरायचे तर आठ-नऊच्या खाली येत नव्हते. आणि तिने असेही सांगितले, की इथे नुसत्या कॅलरी मोजून भागणार नाही. हात वर ताणून ओझे धरले की माणूस श्वास कोंडतो, आणि ते थेट हृदयावर येते. "नाना, हे आता नाही," ती म्हणाली. नानांनी वही मिटून ठेवली.

हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते चाळीत सगळ्यांना ठाऊक होते. गौतमभाऊंची फुप्फुसे थकली होती. दिवाळीच्या आधीपासून त्यांच्या घरात प्राणवायूचे यंत्र आले होते आणि त्याची घरघर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सतत ऐकू येई. आता महिन्यांची गोष्ट आहे, असे डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, सम्यकला, सांगितले होते.

मी दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत राहते. नाना वर जाऊ लागले तेव्हा मी दाराबाहेर एक स्टूल ठेवले होते. ते पाचच्या सुमारास येत, स्टुलावर बसत, श्वास जुळवत, माझ्या घड्याळाकडे एकदा बघत आणि उठत. सगळे न बोलता चाले. जानेवारीच्या मध्यानंतर स्टूल रिकामे राहू लागले. थंडीमुळे येत नसतील, असे मी धरून चालले. त्यावर ठेवलेल्या कुंडीला पाणी घालताना मला एकदाही विचारावेसे वाटले नाही, याची बोचणी आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मनवा वही घेऊन माझ्याकडे आली. चेहरा उतरला होता. नाना खालावत चालले होते. दर पंधरवड्याला ती त्यांना सहा मिनिटे चालवून अंतर मोजत असे. आधी ते तीनशे दहा मीटर चालले होते, आता दोनशे साठच. औषधे वेळेवर, पथ्य काटेकोर, आणि तरी हे. "माझं काही चुकतंय का, बाई? बेरजा तरी बघा," ती म्हणाली.

मी चष्मा लावून महिन्याभराची पाने तपासली. बेरजा बरोबर होत्या. पण रोजचा एकूण आकडा उतरत गेलेला होता. आधी एकोणीसशेच्या घरात, मग अठराशे, मग साडेसतराशे. ज्या दिवशी तो कमी झाला, त्या दिवशी नानांनी खाली छोटीशी बरोबरची खूण केली होती, जशी आम्ही शिक्षक मुलांच्या वहीत करतो. अंगणातल्या फेऱ्या अर्ध्यावर आल्या होत्या. आणि एकवीस जानेवारीपासून पुढे गौतम नावाची एकही ओळ नव्हती.

मनवाला मी कामावर जाऊ दिले. आधी वर गेले.

गौतमभाऊ खिडकीशी उशांना टेकून बसले होते. नाकाशी नळी. त्यांची बायको, अंबिकावहिनी, कोपऱ्यात पालक निवडत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये एकवीस तारखेपासून रोज एक बारीक पेन्सिलीची रेघ होती. मी त्याकडे पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आले.

"सोळा दिवस," ते म्हणाले. एका श्वासात त्यांना तीन-चारच शब्द जमत. "जयवंत रागावलाय का माझ्यावर, बाई? की मला असा बघवत नाही त्याला?"

अंबिकावहिनी म्हणाली, की हे रोज चारपासून दाराकडे तोंड करून बसतात आणि सहा वाजले की भिंतीकडे वळतात. मी त्यांना खोटे काही सांगितले नाही. विचारून येते, एवढेच म्हणाले.

नाना घरात खुर्चीवर बसले होते. फोटो काढून घ्यायला बसावे तसे, हात मांडीवर, पाय जुळवून, स्तब्ध. मी समोर बसले आणि सरळ विचारले, गौतमभाऊंकडे जाणे का सोडले. मग त्यांनी उठून दार लोटले. घरात मनवा नव्हती तरीही.

"मी साठवतंय, बाई," ते म्हणाले.

मला समजले नाही. मग त्यांनी वही उघडून मागचे पान दाखवले. तिथे त्यांनी वेगळा हिशेब मांडला होता. तिसऱ्या मजल्यावर चढायला बारा, उतरायला दहा, रोजच्या बावीस. सोळा दिवसांच्या तीनशे बावन्न. शेजारी अंगणातल्या न घातलेल्या फेऱ्यांचे आकडे. आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास येते. ते पिंपात भरून ठेवायचे आणि दिवसभर पुरवायचे, यात आमचे सगळ्यांचे जन्म गेले. नानांनी आपल्या ताकदीचे तसेच धरले होते. आज वापरली नाही तर पिंपात राहील. डॉक्टर जपून वापरा म्हणाले होतेच.

"त्याका खाली कोण आणतलो?" ते म्हणाले. "माका एकदाच व्हयी ताकद. त्या एका दिवसाक. मनवान पाच सांगल्यान, आठ लागतत. मगे वरचे तीन खयसून आणू?"

मी म्हटले, तिथे तो माणूस रोज दाराकडे बघत बसतो. सोळा रेघा मारल्या आहेत त्याने. नाना मागे हटले नाहीत. आज गेलो नाही तर तो रागावेल, ते मी सोसेन, असे काहीसे म्हणाले. त्या दिवशी धरता आले नाही तर ते कुणाला जाऊन सांगू?

याचे उत्तर मनवाकडे होते.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी तिथेच थांबले होते. सगळे ऐकून ती पर्स खांद्यावर असतानाच जमिनीवर बसली. तिने नानांना एक शब्द बोल लावला नाही. चूक माझी आहे, म्हणाली. रकाना आखला, आकडे दिले, आणि हा आकडा दर आठवड्याला थोडा वाढला पाहिजे हे सांगायचेच राहिले. तिला ते इतके उघड वाटले होते. मग तिने त्यांचे पाऊल आपल्या मांडीवर घेतले, पोटरी दोन्ही हातांत धरली आणि ती किती सैल झाली आहे ते त्यांच्याच हाताने त्यांना बघायला लावले.

"न जाळलेलं साठतं, नाना. पण ते पोटावर साठतं, पायांत नाही. पाय न वापरल्याने उतरतात. हृदयाचंही तसंच."

नानांनी आपल्या पोटाकडे पाहिले. वजन अर्ध्या किलोने वाढले होते, ते त्यांना चांगले लक्षण वाटले होते. "म्हणजे ते तीनशे बावन्न…" ते म्हणाले. ते गेले, मनवा म्हणाली. अंगणात मुलांचा क्रिकेटचा चेंडू पत्र्यावर आदळल्याचा आवाज आला, आणि नानांनी विचारले, पाच वाजून गेले का. सात वाजत आले होते.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. आधी तीनदा थांबून चढत, आता पाचदा थांबावे लागले. माझ्या स्टुलावर सात मिनिटे बसले. मनवाने सुट्टी घेतली होती, ती दोन पायऱ्या मागे. मीही गेले, कारण नानांनी वळून माझ्याकडे असे पाहिले की जावेच लागले.

गौतमभाऊंनी त्यांना दारात पाहिले. कॅलेंडरवरची पेन्सिल काढून अंबिकावहिनीकडे दिली. नाना शेजारी बसले. श्वास जुळल्यावर त्यांनी सगळे सांगितले, पिंपासारखे कसे धरले तेही. गौतमभाऊ ऐकत होते. मध्येच त्यांना हसू आले आणि त्या हसण्याने खोकला आला. तो थांबेपर्यंत नाना त्यांची पाठ धरून राहिले.

"अरे, तीस वर्षं चावी फिरवली मी," ते म्हणाले. "जी चावी महिनाभर फिरवली नाही… ती ऐन वेळी जाम होते. मला विचारायचंस ना."

मग ते बोलले ते एका दमात नव्हे, थांबत थांबत. दिवाळीला नाना गेले असते तर आपण धरले असते का? तेव्हाच नाकाला नळी होती. तिसऱ्या मजल्यावरून साधे बघायलाही खाली येता आले नसते. तेव्हा तो करार दिवाळीतच बुडाला, दोघांकडूनही. धरायला पोरे आहेत. पण जिना बोलणारा दुसरा कोणी नाही.

"सम्यकला येत नाही. तो मोबाईलवर बोलल्यासारखा बोलतो. तू बोल, जयवंता. तुझा आवाज असला की मी नीट उतरेन."

सम्यक दारातच उभा होता.

नानांनी मनवाकडे पाहिले. "बोलूक किती?" उभे राहून बोलण्याचा आकडा दोनपेक्षाही कमी आहे, असे तिने सांगितले. गौतमभाऊ म्हणाले, मग बोल की भरपूर. तरी नाना समाधानी नव्हते. नुसते बोलून काय, असे ते पुटपुटले. मनवा खाली गेली. अंगणात शेवटच्या पायरीपासून फाटकापर्यंतची पावले तिने स्वतः मोजली, बेचाळीस. सपाट जमीन. वर येऊन तिने गौतमभाऊंना विचारले, तुमचे वजन किती. हा प्रश्न तिने त्यांना कसा विचारला, आणि त्यांनी कसा घेतला, ते मी पाहिले आहे. पाहुण्याने वाटेचा पत्ता विचारावा आणि घरच्याने सांगावा, तितके ते साधे होते.

"एक्केचाळीस. गेल्या सोमवारी."

बांबू, वस्त्र, फुले धरून पंचावन्न. अंगणात सहा माणसांत प्रत्येकी नऊ-सव्वानऊ किलो. हळू चालीने खांद्यावर, हात वर न नेता. तिचा अंदाज साडेचारचा आला. पाचच्या आत. पण दोन अटी होत्या. तोवर रोज वर चढायचे, अंगणातल्या फेऱ्या वाढवायच्या. आणि त्या दिवशी ती म्हणेल त्या क्षणी खांदा काढायचा. दुसऱ्या दिवशी तिने नानांच्या डॉक्टरांनाही विचारून घेतले. तू बरोबर असशील तर चालेल, असे ते म्हणाले.

पुढचे सव्वीस दिवस एकही चुकला नाही. पाच थांबे चारावर आले, मग पुन्हा तिनावर. वहीतला एकूण आकडा हळूहळू चढू लागला आणि बरोबरच्या खुणा आता मनवा करू लागली. दर रविवारी सकाळी नाना सम्यकला आणि चाळीतल्या तिघा मुलांना जिना शिकवत. तिरडीच्या जागी चाळीच्या वाचनालयातले लांब बाकडे, त्यावर पाण्याने भरलेली कळशी. पाणी सांडले की पुन्हा वरून. शेवटच्या रविवारी गौतमभाऊंनी खुर्ची दाराबाहेर मागून घेतली आणि लांब नळी लावून वळणाकडे बघत बसले. अंबिकावहिनी आत निघून गेली. बाकडे एकदा कलले, तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, "उजवीकडचा झोपलाय." उजवीकडे सम्यक होता. त्याने बाकडे वर उचलले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सकाळी पावणेदहाला गौतमभाऊ गेले. आदल्या संध्याकाळी नाना तासभर त्यांच्याजवळ होते. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. वहीत फक्त "गौतम, बसणे, साठ मिनिटे" एवढे आहे.

दुपारी त्रिसरण-पंचशील झाल्यावर तिरडी उचलली. नाना वळणावर आधीच जाऊन उभे होते, कठड्याला हात धरून. मनवा त्यांच्या खालच्या पायरीवर. खाली डावीकडे आमच्या मजल्यावरचा धनेश, उजवीकडे, बापाच्या जागी, सम्यक. गॅलरीत आम्ही बायका दाटीने उभ्या होतो. नानांनी घसा खाकरला.

"पायरी."

तो आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा नव्हता, पातळ झाला होता. पण जिन्यात दुसरा कसलाच आवाज नव्हता. "पायरी. पायरी. सम्यक, हात वर. आता वळण. वरच्यांनी थांबा." एक वळण झाले की तिरडी थांबे, नाना पुढच्या वळणापर्यंत सावकाश उतरत आणि श्वास जुळवून तिथून बोलत. तोपर्यंत ती मुले भार डोक्यावर धरून उभी असत. धनेशचे दंड थरथरत होते ते मला माझ्या दारातून दिसत होते. कोणीही घाई केली नाही. तिरडी माझ्या स्टुलासमोरून गेली तेव्हा गौतमभाऊंच्या अंगावरचे पांढरे वस्त्र पाण्यासारखे सपाट होते.

अंगणात आल्यावर आणखी दोघे मध्ये आले आणि बांबू खांद्यांवर घेतले गेले. डावीकडे पुढे असलेल्या धनेशने जागा सोडली. नानांनी चप्पल काढली, मनवाकडे पाहिले. तिने मान हलवली आणि त्यांचे मोकळे मनगट आपल्या बोटांत धरले. आजोबांच्या खांद्यावर बांबू, आणि नात शेजारून चालताना त्यांची नाडी मोजते आहे, नजर घड्याळावर. मी गॅलरीच्या कठड्याला धरून पावले मोजली. तिसाव्या पावलाला मनवाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. थांबा म्हणाली नाही. बेचाळिसाव्याला फाटक आले. धनेशने खांदा आत घातला, नाना बाहेर निघाले आणि फाटकालगतच्या बाकावर बसले. शववाहिनी रस्त्यावर उभी होती. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत मनवाने मनगट सोडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. वही उघडी होती. नानांनी आदल्या दिवसाचे सगळे नीट लिहिले होते, फक्त दोन ओळींपुढचे रकाने मोकळे होते. जिना बोलणे, सतरा मिनिटे. खांदा, एक मिनिट. मनवाने पेन घेतले, पुढे आकडे मांडले. बोलण्याच्या तीस. खांद्याच्या साडेचार. साडेचार म्हणजे किती ऊर्जा, असे मी विचारले. पाव चमचा साखरेएवढी, ती म्हणाली.

नानांनी वही डोळ्यांजवळ नेली.

"इतक्योच?"

"इतक्याच, नाना."

नानांनी बोट एक ओळ वर नेऊन तीसवर ठेवले. "बोलण्यात जास्ती गेल्यो," ते म्हणाले. "गौत्याक सांगूक व्हया होता."

संध्याकाळी पाचला मला जिन्यावर त्यांची पावले ऐकू आली. वळणावर थांबली, पुन्हा चालू झाली. ते स्टुलावर बसले, घड्याळाकडे पाहिले आणि उठले. वर अंबिकावहिनी एकटीच होती. यंत्र परत गेले होते, त्यामुळे गॅलरीत इतकी शांतता होती की तिने चहाचे भांडे ठेवल्याचा आवाज मला खाली ऐकू आला.

त्याला आता दोन महिने होतील. नाना रोज जातात. एकदाच थांबतात, माझ्या दाराशी. वहीत त्या तीन ओळींची नावे त्यांनी बदललेली नाहीत. गौतम, वर जाणे. गौतम, बसणे. गौतम, खाली येणे.